एकाच जातीच्या कुत्र्याला घाबरणारं कुत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी ट्रेनर नाही आणि डॉक्टर तर नाहीच. आमच्याकडे बुंदी आहे, पाच वर्षांची गावठी, म्हणजे आता सगळे इंडी म्हणतात ती. आठ महिन्यांची असताना पार्किंगमध्ये एका सुटलेल्या जर्मन शेफर्डने तिला खाली पाडून मानेला धरलं होतं. टाके दोनच पडले पण भीती पुढे दीड वर्ष पुरली. त्या दीड वर्षात काय चुकलं आणि काय जमलं हे लोक सारखं विचारतात आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं बैजवार लिहून ठेवतेय. उदाहरणं शेफर्डची आहेत, पण तुमचं कुत्रं रॉटवायलरला घाबरत असो नाहीतर पग जातीच्या कुत्र्याला, पद्धत तीच.

एकाच जातीची भीती खरंच असते का? घरचे म्हणतात तुझ्या मनाचे खेळ आहेत.

असते हो. कुत्र्याला ब्रीड वगैरे कळत नाही, पण दिसणं, वास, आवाज, चाल या सगळ्याचं मिळून एक गाठोडं त्याच्या डोक्यात बसतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की इतक्या वेगवेगळ्या जाती असूनही कुत्री नुसते चेहऱ्याचे फोटो बघून दुसरं कुत्रं ओळखू शकतात, म्हणजे नजर चांगली तयार असते त्यांची. बुंदीला लॅब चालतो, बीगल चालतो, तिसऱ्या मजल्यावरची शिहत्झू तर तिच्या डोक्यावर बसते. उभे कान म्हणावे तर ते आपल्या गावठी कुत्र्यांनाही असतात आणि त्यांना ती घाबरत नाही. म्हणजे नुसते कान नाहीत, कान अधिक काळं तोंड अधिक ती मागे उतरत गेलेली पाठ, असा अख्खा आकार आहे.

आणि गंमत सांगते. शेफर्डच्या पिल्लाचे कान आधी पडलेले असतात, साधारण चार ते सहा महिन्यांत उभे राहतात. शेजारच्या सोसायटीतल्या अशा एका पिल्लाशी बुंदी दणकून खेळायची. त्याचे कान उभे राहिले, उंची वाढली आणि महिन्याभरात बाईसाहेबांनी त्याला ओळख द्यायचीच बंद केली, बिचाऱ्याला कळेना आपलं काय चुकलं.

म्हणजे शेफर्ड ही जातच वाईट का?

अजिबात नाही, आणि हे डोक्यातून काढा, कारण पुढे तुम्हाला एका शेफर्डवाल्याचीच मदत लागणार आहे. १८९९ च्या सुमारास जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या माणसाने मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून ही जात बांधली. कळपाच्या कडेकडेने फिरायचं, मेंढरं हद्दीबाहेर जाऊ द्यायची नाहीत, हे काम. त्यामुळे हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर लक्ष ठेवणं आणि चटकन भुंकणं हे त्याच्या रक्तात आहे. तो बिचारा त्याची ड्यूटी करत असतो आणि समोरच्या भित्र्या कुत्र्याला वाटतं, संपलं, आला हा.

आमच्या कुत्र्याला कधी कुणी चावलेलंच नाही, तरी पगला बघून पळतो. हे काय?

पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत जग ओळखायची खिडकी उघडी असते, त्या काळात जे बघितलं ते नॉर्मल वाटतं, जे नाही बघितलं ते पुढे विचित्र वाटू शकतं. २०२०-२१ च्या लॉकडाऊनमध्ये आणलेली कितीतरी पिल्लं अशी घरातच वाढली, त्यांना आई-बाबा आणि डिलिव्हरीवाला एवढंच जग माहीत.

पगच्या बाबतीत अजून एक आहे. चपट्या नाकामुळे त्याचा श्वास घरघरतो आणि दुसऱ्या कुत्र्याला ते गुरगुरल्यासारखं वाटू शकतं. शेपूट कापलेल्या कुत्र्यांचंही तसंच. कॅनडातल्या संशोधकांनी २००८ मध्ये रिमोटवर शेपूट हलवणारं खोटं कुत्रं ठेवून बघितलं, तर शेपूट लांब आणि हलती असताना खरी कुत्री जास्त बिनधास्त जवळ गेली, शेपूट आखूड असताना ती हलतेय की स्थिर आहे याने फारसा फरक पडला नाही. समोरच्याचं बोलणंच वाचता येत नसेल तर सावध राहणार ना.

तो घाबरलाय की माजलाय? आमचा तर अंगावर धावून जातो.

बहुतेक वेळा घाबरलेलाच असतो. पट्टा लावलाय, पळता येत नाही, मग उरलं काय, आरडाओरडा करून समोरच्याला हाकलणं. तुम्ही भुंकण्याकडे बघू नका, त्याच्या आधीचे दहा सेकंद बघा. उगाच ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दाखवत बघणं, शेपूट पोटाशी, वजन मागच्या पायांवर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकदम पुतळ्यासारखं थांबणं. बुंदी थिजली की मला कळायचं आता तीन सेकंद आहेत माझ्याकडे. गुरगुरण्याबद्दल रागावू नका, तो त्याचा हॉर्न आहे. हॉर्न काढून टाकलात तर पुढच्या वेळी न वाजवता सरळ धडकेल.

सुरुवात कुठून करू?

डॉक्टरपासून. ट्रेनिंगवर पैसे घालवायच्या आधी दुखणं नाही ना हे बघून घ्या. कानात इन्फेक्शन, खुब्याचं दुखणं, दात, गोचीड ताप, नजर कमी होणं, यातलं काहीही असेल तर कुत्रं एरवी सोसलं असतं तेही सोसत नाही. मित्राच्या लॅबची 'हस्कीची भीती' निम्म्याहून जास्त खुब्याची निघाली, हस्की येऊन अंगावर उड्या मारायचा आणि याला दुखायचं, एवढंच.

ताई, नेमकं करायचं काय ते सांगा ना.

सांगते. सगळा खेळ दोन गोष्टींचा आहे, अंतर आणि क्रम.

अंतर म्हणजे शेफर्ड दिसतोय पण तुमचं कुत्रं अजून खातंय, जमीन हुंगतंय, हाक मारली तर कान हलवतंय, इतकं लांब. ते किती हे ज्याच्या त्याच्या कुत्र्यावर. कुणाला वीस पावलं पुरतात, आम्हाला मैदानाचं एक टोक ते दुसरं टोक लागलं, साठ-सत्तर पावलं.

क्रम म्हणजे आधी शेफर्ड दिसला, मग चिकन आलं. उलटं नाही. पाव्हलॉव्हची घंटा शाळेत शिकलोय ना आपण, घंटा आधी, खाणं नंतर, तेच. मी सुरुवातीला हुशारी करून समोरच्या विंगमधले शेफर्डवाले काका लांबून येताना दिसले की आधीच डबा उघडायचे, म्हणजे तिचं लक्ष राहील. झालं काय, डबा उघडला की शेफर्ड येतो हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं आणि पंधरा दिवस डब्याचं झाकण वाजलं की बुंदी सोफ्याखाली.

तर, शेफर्ड दिसला की चिकन सुरू, एकामागून एक बारीक तुकडे, आणि शेफर्ड दिसेनासा झाला की चिकन बंद, डबा बंद, तुम्ही पण बोअर. बस, उठ, शेकहँड काही सांगायचं नाही, तो परीक्षेला बसलेला नाहीये. भुंकला तर त्याचा अर्थ तुम्ही फार जवळ गेलात, चूक तुमची, मागे या आणि तिथे पुन्हा द्या.

आमच्या बाबतीत त्याच काकांचा शेफर्ड, सुलतान, मदतीला होता. हा पार्किंगमधला नव्हे, हा सहा वर्षांचा, शांत, बसला की बसला. पण बुंदी तो दिसायच्या आधीच थरथरायला लागायची आणि मला आठवडाभर कळेनाच का. मग लक्षात आलं, त्याच्या गळ्यातल्या साखळीचा आवाज जिन्यातून वर चौथ्या मजल्यापर्यंत येतो. भीती तिथूनच सुरू होत होती, आम्ही मैदानात पोचेपर्यंत तिचा पेला भरलेला. मग मी तशीच साखळी विकत आणली. पहिल्या दिवशी ती टॉवेलमध्ये गुंडाळून स्वयंपाकघरात नुसती एकदा हलवली, अगदी खळ् एवढाच आवाज, आणि चिकन. बुंदीने कान मागे पाडले, चिकन घेतलं पण तोंडातून खाली टाकलं, मग परत उचललं. असं रोज सात-आठ वेळा. टॉवेल निघाला, मग साखळी दारात, मग जिन्यात नवरा हलवणार आणि मी घरात चिकन देणार (शेजाऱ्यांना वाटलं आम्ही कसली तरी पूजा करतोय). दोनेक आठवड्यांनी साखळी वाजली की ती सोफ्याखाली जायच्या ऐवजी फ्रीजपाशी येऊन बसायला लागली. मगच आम्ही मैदानात गेलो.

मैदानात काका त्या टोकाला बाकावर, सुलतान पायाशी. आम्ही या टोकाला. पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, बस. अकराव्या-बाराव्या खेपेला एक गोष्ट झाली. तिने सुलतानकडे बघितलं, दोन सेकंद थांबली आणि मान वळवून सरळ माझ्या खिशाकडे बघितलं, जिभळ्या चाटत. म्हणजे 'तो बघ आलाय, दे आता'. ज्या दिवशी तुमचं कुत्रं असं करेल त्या दिवशी पाच पावलं पुढे सरकायचं, त्याआधी नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. अंतर कमी केलं तर शेफर्ड बसलेला हवा, शेफर्ड चालणार असेल तर अंतर परत वाढवा.

खाऊ कोणता? आमचा तर बाहेर काही खातच नाही.

बाहेर खात नाही याचा बहुतेक वेळा अर्थ एकच, जागा चुकलीय, फार जवळ आहात. अजून लांब जा आणि बघा खातो का. खाऊ एरवी न मिळणारा हवा, रोजची बिस्किटं नकोत. उकडलेलं चिकन, अंडं, शाकाहारी घर असेल तर पनीर, हरभऱ्याएवढे तुकडे. तेवढं जेवण कमी करा नाहीतर भीती जाईल आणि वजन येईल. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉल घातलेलं शुगरफ्री काहीही चालत नाही, विषारी आहे.

घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते म्हणतात.

नाही वाढत. भीती ही काही शेकहँडसारखी युक्ती नाही की बक्षीस दिल्यावर तो पुन्हा करून दाखवेल. जवळ येत असेल तर खुशाल घ्या जवळ. फक्त तुम्ही स्वतः 'अगं बाई आला आला' करून पट्टा आवळू नका, पट्ट्यातून सगळं खाली पोचतं.

ट्रेनर म्हणतो एकदा दोघांना एकत्र सोडा, आपलं आपण बघून घेतील.

आम्ही हे करून बसलोय. अशाच एकाने, नाव नको, बुंदीला बंद टेरेसवर दुसऱ्या शेफर्डबरोबर वीस मिनिटं ठेवलं आणि म्हणाला बघा कशी शांत झाली. शांत नव्हती, थिजली होती, कोपऱ्यात तोंड घालून. त्यानंतर ती टेरेसच्या जिन्यालाही घाबरायला लागली. पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलून काही लोक शिकतात खरे, पण बाकीचे आयुष्यभर पाण्याजवळ जात नाहीत, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

चोक चेन, शॉक कॉलर?

नको. शेफर्ड दिसला आणि मान आवळली, यातून कुत्रं काय शिकणार, की शेफर्ड दिसला की दुखतं. नीट बसणारा हार्नेस आणि साधारण सहा फुटी पट्टा घ्या. तो सरकणारा लांब पट्टा या कामाला बेकार. आणि हार्नेस पाठीमागे सरकून निघत नाही ना हे घरीच ओढून बघा, घाबरलेलं कुत्रं उलटं सरकून सेकंदात बाहेर येतं.

लिफ्टचं दार उघडलं आणि समोरच उभा, तर?

या वेळी ट्रेनिंग विसरा, फक्त सुटका. आम्ही घरातल्या घरात 'चल मागे' शिकवलं होतं, ते म्हटलं की गर्रकन वळायचं आणि माझ्याबरोबर पळायचं, पुढे जमिनीवर मूठभर खाऊ. रोज चार वेळा पॅसेजमध्ये खेळ म्हणून, म्हणजे खरी वेळ आली की डोकं चाललं नाही तरी पाय चालतात. नाहीच जमलं तर दोन गाड्यांच्या मध्ये शिरा, जिन्याच्या वळणावर थांबा, मध्ये तुम्ही उभे राहा. आम्ही वर्षभर लिफ्ट सोडलीच होती, चार मजले, गुडघे बोलले पण चाललं. फिरायच्या वेळाही बदला, काकांना वेळ विचारून घ्या आणि ती सोडून जा. घाबरवणाऱ्या गोष्टी जितक्या वेळा अंगावर येतील तितकी आधीची मेहनत पाण्यात.

गणपतीत आणि दिवाळीत सगळं परत पहिल्यासारखं झालं!

होणारच. ढोल, फटाके, पाहुणे, त्यात शेफर्ड, एकावर एक थर चढतात. एरवी वीस पावलांवर चालणारा शेफर्ड त्या दिवसांत पन्नासवरही चालत नाही. मोठा धक्का बसला की एक-दोन दिवस नुसतं घरी हुंगायचे खेळ, जुन्या चादरीत खाऊ लपवणे वगैरे, सराव बंद. मग दोन पायऱ्या खालून सुरुवात, या वेळी चढण लवकर संपते.

मदतीला शेफर्ड आणायचा कुठून, आणि भेटवायचं कधी?

शेफर्ड असा हवा जो तुमच्या कुत्र्याकडे टक लावून बघत नाही. खेळकर असून चालत नाही, चक्क बोअरिंग हवा. आणि मालक बाकावर बसून पेपर वाचू शकणारा. आमच्या काकांनी या सगळ्यात तीन महिन्यांचे पेपर वाचले असतील.

लांबून जमायला लागलं की बरोबरीने चाला. दोघं एकाच दिशेने, मध्ये रस्त्याएवढं अंतर, कुत्री बाहेरच्या बाजूला आणि माणसं आतल्या. समोरासमोर कधीच आणू नका, कुत्र्यांच्या जगात सरळ नजर रोखून चालत येणं म्हणजे उद्धटपणा. मग एक पुढे, दुसरा मागून, पुढच्याने जिथे सू केली ते हुंगत हुंगत येणार, अर्धी ओळख तिथेच होते. शेवटी कधी नाक लावायची वेळ आली तर तीन सेकंद, पट्टे सैल, मग आनंदाने हाक मारून बाजूला. भेट नाही झाली तरी काही बिघडत नाही हो, रस्त्याने शांतपणे जाता आलं की खूप झालं.

सुलतानशी जमलं, पण दुसरा शेफर्ड दिसला की परत तेच?

परत तेच, पण थोडं कमी. सुलतान म्हणजे सुलतान, शेफर्ड नव्हे, हे तिचं गणित. आम्हाला चार वेगवेगळे शेफर्ड लागले, त्यातला एक लांब केसांचा, एक जवळजवळ काळाच. प्रत्येकाला सुरुवात लांबून, पण दुसऱ्याला निम्मा वेळ लागला आणि चौथ्याला चार-पाच भेटी. जागाही बदला, मैदानात शिकलेलं पार्किंगमध्ये आपोआप लागू होत नाही.

औषधाने होईल का?

काही कुत्र्यांना लागतं आणि त्यात लाज नाही. घराबाहेर पाऊलच टाकत नसेल, खाऊच घेत नसेल तर डॉक्टरांशी बोला. फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात आणि त्याच्या जोडीला सराव लागतोच. फक्त गुंगी आणणारं काहीतरी मागू नका, काही औषधांनी शरीर ढिलं पडतं पण आतली भीती तशीच राहते. आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका, एकही नाही.

समोरचा लांबून ओरडतो 'आमचा काही करत नाही हो' आणि सोडतो. काय बोलायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. 'तुमचा नाही करत, आमची करते' असं म्हणायचं. लगेच पट्टा लागतो. आमची काही करत नाही खरं तर, पण समजावून सांगण्यात जो वेळ जातो तेवढ्यात त्याचा येऊन पोचलेला असतो. काही जण 'हिला त्वचेचा रोग आहे' म्हणतात, तेही छान चालतं.

पुन्हा चावा बसलाच तर?

बाहेरून नुसती दोन भोकं दिसली तरी डॉक्टरला दाखवा, दात आत खोल जातो आणि हलवल्यामुळे आतलं फाटलेलं असू शकतं. दोन्ही कुत्र्यांची रेबीजची लस कधी झालीय ते लगेच विचारून घ्या. सोडवताना तुम्हाला लागलं असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना काही लावू नका. मध्ये हात घालू नका हे लिहायला सोपं आहे, मी घातला होता, अंगठ्यावर खूण आहे.

किती दिवस लागतात? पूर्ण जाते का भीती?

आमचे साखळीपासून धरून सात महिने सलग, आणि त्याआधीचं जवळजवळ वर्ष चुकीच्या गोष्टी करण्यात. पिल्लाला आठवड्यांत जमू शकतं. पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही अंधारात अचानक एखादा शेफर्ड कोपऱ्यावरून आला तर बुंदी दचकते, पण आता स्वतःच वळून माझ्या मागे येते, भुंकत नाही. काल लॉबीत सुलतान आडवा पसरला होता, फरशी गार असते ना. बुंदी भिंतीला घासत त्याच्या पलीकडून गेली, शेपूट अर्धी खाली, दारापाशी जाऊन अंग झटकलं आणि माझ्या खिशाकडे बघायला लागली. खिसा रिकामा होता. काकांनी त्यांच्या खिशातून बिस्किट काढून दिलं, म्हणाले असू दे, सुलतानच्या वाटचं आहे.